पिलात 'सुभेदार' कसा?

प्रश्न : गुड फ्रायडेच्या उपासनेत वाचन चालू असताना पुतणीने कानाशी येऊन विचारलं, "काका, पिलात सुभेदार म्हणजे तानाजींसारखा?" हसू आलं, पण उत्तर सुचेना. येशूला क्रुसाची शिक्षा देणाऱ्या या रोमन अंमलदाराला मराठी बायबलात सुभेदार का म्हटलं असेल?

प्रतिसाद : मूळ ग्रीक शब्द 'हेगेमोन'. अर्थ मोघम, प्रमुख किंवा अधिकारी. भाषांतरं होऊ लागली तेव्हा पेशवाईच्या आठवणी ताज्या होत्या. वरून नेमलेला, वसुली आणि निवाडा दोन्ही हातात असलेला माणूस म्हणजे सुभेदार, हे कुणाला फोडून सांगावं लागत नव्हतं. आता हा शब्द फौजेत आणि आडनावात उरलाय, म्हणून पोरगी अडली.

प्रतिसाद : पण पिलाताला हा अंगरखा ढगळ होतो. १९६१ साली कैसरिया या त्याच्या ठाण्याच्या गावी मिळालेल्या शिलालेखात त्याचा हुद्दा 'प्रिफेक्ट', म्हणजे लहान मुलखाचा अंमलदार, असा आहे. त्याच्याकडचा यहूदिया लहानसा मुलूख, आणि वर शेजारच्या सीरियाचा लेगेट, म्हणजे सम्राटाने नेमलेला प्रांताधिकारी. त्या लेगेटनेच पुढे त्याला जाब द्यायला रोमला धाडलं. खरा सुभेदार तो.

प्रतिसाद : मग लेगेटला सरसुभेदार म्हणा, पिलाताचं पद कशाला काढून घेता? देहदंडाचा अधिकार त्याला होताच. शिवाय घोळ मराठीचा नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक सीरियाचा लेगेट क्विरिनियस आणि पिलात या दोघांना 'हेगेमोन'च्याच क्रियापदाने बोळवतो. तोच लूक प्रेषितांच्या कृत्यांत मात्र काटेकोर : सायप्रस आणि अखया इथे 'अँथिपातोस', म्हणजे प्रोकॉन्सल, सिनेटच्या प्रांताचा प्रमुख, थेस्सलनीकात 'पोलितार्क', म्हणजे नगराधिकारी.

रोमन सम्राटासाठीचा 'कैसर' शब्द मात्र आपल्याकडे फारसीतून आधीच रुळलेला. गंमत बघा, १९१९ साली पंडिता रमाबाईंना सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिलं, आणि त्याच सुमारास त्या मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या. 'कैसराचे ते कैसराला' हे येशूचं वचन लिहिताना काय वाटलं असेल!

प्रश्नकर्ता : आभार. पुतणीला मी योहानाचा १९वा अध्याय दाखवला. पिलात येशूला सोडायच्या बेतात असतो, तेवढ्यात लोक ओरडतात, याला सोडलंत तर तुम्ही कैसराचे मित्र नाही. लगेच तो येशूला बाहेर आणून न्यायासनावर बसतो. ती म्हणाली, "म्हणजे वर तक्रार जाईल म्हणून घाबरला." तिला सुभेदार कळला.