पीटच्या आगीला ‘वणवा’ म्हणावं का?

प्रश्न : इंडोनेशियातल्या मध्य कालिमांतानच्या आगींवरचा लेख मराठीत आणतोय. ‘वणवा’ चालेल का? आणि पीटला ‘दलदल’ म्हणू?

उत्तर : दलदल नको, ती चिखलाची. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्यात बुडून राहिल्यामुळे पुरता न कुजलेला झाडपाला, मुळं, लाकूड. काही ठिकाणी हा थर १० मीटरहून जाड असतो. ‘पीट’च ठेवा. वणवा वरून पळतो, पीट आतून धुमसतं. ज्वाळा दिसत नाहीत, नुसता धूर, तोही कित्येक आठवडे. मग मुळांखालची जमीनच जळून गेल्यावर उभं झाड आडवं होतं. ‘धुमसणे’ इतकं नेमकं क्रियापद हाताशी असताना वणवा फक्त वरच्या झाडीपुरता वापरा.

प्रश्न : ‘भूजल उतरल्यामुळे आग’ असं वाक्य आहे. आगीमुळे भूजल उतरलं, असं हवं ना?

उत्तर : नाही, लेखक बरोबर आहे. राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या काळात, १९९५च्या सुमारास, तिथे दहा लाख हेक्टरवर भातशेतीची योजना निघाली. जंगल तोडलं, हजारो किलोमीटर कालवे खणले. (इथे ‘कालवा’ही फसवा. आपला कालवा पाणी आणतो, तिथले कालवे पाणी काढून नेत होते. ‘निचऱ्याचे चर’ लिहा.) भात फारसा पिकलाच नाही, पीट मात्र वाळलं, आणि १९९७च्या एल निनोच्या दुष्काळात पेटलं. पार वाळलेलं पीट पुन्हा पहिल्यासारखं पाणी धरत नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

दुसरा प्रतिसाद : थोडी भर. ‘भूजलपातळी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे विहीर येते. इंडोनेशियाच्या २०१६च्या नियमानुसार लागवडीखालच्या पीटमध्ये पाणी ४० सेंटीमीटरपेक्षा खाली गेलं की जमीन बिघडली असं धरतात. आपल्या विहिरीला ते काठोकाठ वाटेल! शिवाय पातळी मोजतात जमिनीच्या पृष्ठभागापासून, आणि आगीत पृष्ठभागच खाली जातो. त्यामुळे जळालेल्या जागी पाणी ‘वर आलेलं’ दिसतं, पावसाळ्यात तिथे तळंही साचतं. भाषांतरात ‘पातळी वाढली’ असं लिहून मोकळे होऊ नका. ‘जमीन खचल्याने पाणी पृष्ठभागाजवळ आलं’ असं लिहा.

प्रश्न : आणि पीटमध्ये पाणी टिकावं म्हणून हे चर अडवतात, त्याला काय म्हणू?

उत्तर : बांध घालणे. सरळ आहे.