मदत हवी आहे: तामणाच्या फुलाच्या फोटोवरून कापडी चित्र (आर्ट क्विल्ट)

नमस्कार मंडळी,

आईच्या पंचाहत्तरीसाठी भिंतीवर लावायचं एक आर्ट क्विल्ट करते आहे, साधारण 55 × 75 सेंमीचं. विषय तामण. आई शाळेत जीवशास्त्र शिकवायची आणि आपलं राज्यफूल प्रत्येक मुलाला झाडावर ओळखता आलंच पाहिजे, असा तिचा आग्रह असायचा. त्यामुळे हे फूल 'कुठलंतरी जांभळं फूल' दिसून चालणार नाही. फोटो मीच काढला आहे. मे महिन्यातलं सकाळचं ऊन, एक पूर्ण उमललेलं फूल, दोन कळ्या आणि मागे धूसर पानं.

ज्यांनी हा प्रकार केलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गोधडीसारखेच तीन थर असतात, पण वरचा थर म्हणजे चित्र. फोटोतल्या छटा कमी करून प्रत्येक छटेचा आकार दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फ्यूजिंगच्या कागदावर उतरवायचा, तो कापडाच्या उलट बाजूला इस्त्रीने चिकटवायचा, कापायचा, कागद सोलायचा आणि तुकडे एकावर एक मांडून पुन्हा इस्त्री करायची. कडा दुमडायच्या नाहीत. नंतर तिन्ही थरांतून शिवण.

फोनवर फोटो कृष्णधवल करून, पोस्टराइझ करून (म्हणजे मोजक्याच सपाट छटांत आणून) घेतला. इमारतींचे नकाशे छापतात त्या दुकानातून ए-वन आकाराची प्रिंट आणली. इथपर्यंत छान जमलं. पुढे अडले आहे.

पहिली अडचण चिकटवायच्या मालाची. शिंप्यांचं सामान मिळतं तिथे 'फ्यूजिंग' मागितलं की कॉलरचं पेस्टिंग देतात, एका बाजूला गोंदाचे ठिपके असलेलं. ते या कामाचं नाही. ऑनलाइन हीट-एन-बॉंड मिळतंय, पण लाइट आणि अल्ट्राहोल्ड असे दोन प्रकार दिसतात. लाइट वापरून एक पाकळी करून पाहिली. तीन थर आले तिथे तुकडा पुठ्ठ्यासारखा कडक झाला. तामणाची पाकळी किती तलम असते! तो मऊपणाच गेला तर उरलं काय?

दुसरी अडचण छटांची. चार छटांत पाकळी सपाट दिसते, आठ केल्या तर तुकडे इतके बारीक होतात की कागद सोलताना धागे सुटतात. शिवाय तामणाच्या पाकळीला जन्मजात चुण्या असतात, कड लाटांची असते. त्या सगळ्या चुण्या छटांनी दाखवायच्या की दुसरा काही मार्ग आहे?

तिसरी: कापड मॅचिंग सेंटरमधलं टू बाय टू रुबिया घेतलं आहे. जांभळ्याच्या इतक्या छटा मला दुसरीकडे कुठेच मिळाल्या नाहीत. पण फिकट पाकळी गडद पाकळीवर ठेवली की खालची कड आरपार दिसते.

पुंकेसरांचं काय करायचं हेही कळत नाही. पिवळ्या टोकांचे इतके पुंकेसर एकेक कापणं तर अशक्यच आहे.

ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

विषय फार सुंदर निवडलात. मी गेली काही वर्षं अशीच फुलांची कापडी चित्रं करते, म्हणून जरा लांबण लावते.

अल्ट्राहोल्ड अजिबात घेऊ नका. ते न शिवता चिकटवायच्या कामासाठी असतं. त्यातून शिवलं की सुईला गोंद लागतो आणि टाके सुटतात. लाइट बरोबर आहे. मिस्टीफ्यूज नावाचं दुसरं फ्यूजिंग मिळालं तर ते आणखी मऊ राहतं, मात्र त्याला कागद नसतो, त्यामुळे आकार उतरवायची सोय वेगळी करावी लागते.

कडकपणा घालवायचा उपाय असा. आकार कागदावर काढा, रेषेच्या बाहेर थोडी जागा ठेवून कापा आणि मग आतला भाग कापून काढून टाका. रेषेच्या आत सहा-सात मिलिमीटरची पट्टी तेवढी ठेवा. म्हणजे गोंद फक्त कडेला राहतो आणि पाकळीचं पोट मोकळं. ही कडी कापडाला चिकटवून मग नेमक्या रेषेवर कापा. मोठ्या पाकळ्यांना हे कराच. बारीक तुकड्यांना गरज नाही.

खालच्या तुकड्याला वरच्याखाली जाईल एवढीच, म्हणजे पाचेक मिलिमीटरची जादा कड द्या. अख्खी पाकळी दुसऱ्या पाकळीखाली सरकवली की थर वाढतात. आरपार दिसण्याचं मूळही तिथेच आहे. शक्य तिथे फिकट तुकडा खाली आणि गडद वर ठेवा. फोटोत फिकट पाकळीच पुढे असेल तर तिच्या खालची गडद पाकळी मागून कापून काढा. पांढऱ्या केंब्रिकचं अस्तर लावता येतं, पण कडकपणा परत येईल, म्हणून तो शेवटचा उपाय.

चित्र उलटं काढायला विसरू नका. कागद कापडाच्या मागे लागतो, त्यामुळे सुलट उतरवलं तर फूल आरशातलं येतं. प्रिंट उलटी करून खिडकीच्या काचेवर धरली की रेषा मागून दिसतात. प्रत्येक तुकड्याला नंबर द्या आणि तोच नंबर मूळ प्रिंटवरही लिहा.

कापड आधी धुतलं आहे ना? नव्या कापडाची खळ राहिली तर गोंद धरत नाही. धुताना सॉफ्टनर नको. इस्त्री कोरडी, वाफ बंद, आणि घासायची नाही, दाबून उचलायची. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त तापवलं तर गोंद कापडातून वर येतो. रुबियात पॉलिएस्टरचं मिश्रण असतं तेव्हा आधी चिंधीवर तापमान बघा.

आता चुण्या. माझं ठाम मत आहे की त्या छटांनी दाखवू नयेत. पाच छटा पुरेत: दोन फिकट, एक मधली, दोन गडद. चुण्या खऱ्याच घाला. रुबियाचा तुकडा ओला करून घट्ट पिळा, रबरबँड लावा, तसाच पूर्ण वाळू द्या. उघडल्यावर ताणू नका. फ्यूजिंगचा कागद टेबलावर गोंदाची बाजू वर करून ठेवा, त्यावर हे चुरगळलेलं कापड पसरा आणि वरून इस्त्री दाबा. चुण्या जागच्या जागी बसतात. फक्त पुढच्या दोन-तीन पाकळ्यांना करा, मागच्या सपाट राहू द्या, म्हणजे खोली आपोआप येते. या पाकळ्यांचं पोट मात्र कापून काढता येणार नाही, कारण चुण्या धरायला गोंद सगळीकडे लागतो.

आणि एक गोष्ट तुमच्या आई नक्की बघतील. तामणाची पाकळी बुडाशी एकदम निमुळती होऊन बारीक दांडीवर उभी असते. म्हणून केंद्राजवळ दोन पाकळ्यांमध्ये फटी दिसतात आणि तिथून मागचं हिरवं डोकावतं. पुष्कळ जण पाकळ्या मध्यापर्यंत रुंद आणतात आणि फूल जास्वंदीच्या वळणावर जातं. त्या फटी राखा. कळ्यांवरचे कंगोरेही सोडू नका, ती खूण पक्की आहे.

प्रतिसाद

वरच्या ताईंनी बहुतेक सगळं सांगितलं आहे. मी जुळवणीबद्दल लिहितो. फूल थेट पार्श्वभूमीच्या कापडावर चिकटवू नका. टेफ्लॉनची शीट मिळते, ती प्रिंटवर ठेवा. खालचं चित्र दिसतं. तिच्यावर अख्खं फूल जोडून घ्या, थंड झालं की एका तुकड्यात सुटून येतं. मग ते पार्श्वभूमीवर वर-खाली सरकवून जागा ठरवता येते. शीट नसेल तर बेकिंगचा पार्चमेंट कागद चालतो.

मधल्या थराला फुगीर पॉलिफिल नको. चिकटवलेला भाग फुगत नाही आणि आजूबाजूचा फुगतो, मग क्विल्ट लोंबतं. मी जुनी सोलापुरी चादर घालतो, सपाट राहते आणि सुतीच असते. इस्त्रीचं सगळं काम मधला थर लावण्याआधी उरकून घ्या.

धागाकर्ती (मूळ प्रश्न विचारणारी)

दोघांचे मनापासून आभार! पोट कापून काढायची युक्ती आजच एका पाकळीवर केली, पाकळी हातात वळते आहे. फटींचा मुद्दा वाचून प्रिंट पुन्हा पाहिली. पोस्टराइझ करताना त्या बुजल्या होत्या, मूळ फोटो समोर ठेवून पेन्सिलीने परत काढते आहे.

पुंकेसरांबद्दल अजून विचारते. आणि माझ्याकडे पायाचं जुनं काळं मशीन आहे, त्यावर मोकळी शिवण (कापड हाताने हवं तसं फिरवून घालतात ती) होईल का?

प्रतिसाद

होईल. जुन्या मशिनचे कापड पुढे सरकवणारे दात झाकायची पत्र्याची प्लेट मिळते. ती लावा, डार्निंगचा फूट बसवा आणि कापड हाताने फिरवा. सुई नवी, 14 नंबरची. गोंद चिकटला तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्या.

पुंकेसर कापडाचे करू नका, दोऱ्याचेच करा. आधी गुलाबीसर जांभळ्या दोऱ्याने मधून बाहेर ओढलेल्या रेषा मशिनवर घाला, सगळ्या एका लांबीच्या नकोत. तिन्ही थर शिवून झाले की टोकांना हातानेच पिवळ्या दोऱ्याच्या गाठींचे टाके घाला. दोन पिवळे घ्या, एक हळदी आणि एक फिकट. गडद खाली, फिकट वर. पाकळ्यांच्या कडेला मात्र दोरा पाकळीपेक्षा किंचित गडद ठेवा आणि शिवण कडेपासून दोनेक मिलिमीटर आत घ्या, म्हणजे लाटांची कड मोकळी राहते.

टांगण्यासाठी मागे वरच्या बाजूला कापडाची नळी हाताने शिवा, तिच्यातून लाकडी पट्टी जाईल. धुवायचं नाही, ब्रशने धूळ झटकायची. आणि थेट ऊन येतं त्या भिंतीवर लावू नका, जांभळा रंग लवकर उडतो.