अनुभव धागा: फाल्गुन-चैत्रातली मुंबई, घरच्यांना घेऊन

माघाची थंडी सरली की वैशाखाचा घाम सुरू होईपर्यंत मुंबईत बाहेर पडण्याजोगे मोजके रविवार मिळतात. त्यातलेही काही परीक्षांत जातात. म्हणून हा धागा (प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे). 'छान जागा, नक्की जा' एवढंच लिहू नका. किती वाजता पोचायचं, स्टेशनच्या कोणत्या बाजूला उतरायचं, आजी-आजोबांना आणि लहान मुलांना कितपत झेपेल, आणि बेत फसतो तो कशामुळे, हे लिहा.

भरतीओहोटी

शिवडीच्या रोहित पक्ष्यांपासून (फ्लेमिंगो) सुरुवात करतो, कारण सर्वांत जास्त लोक तिथूनच निराश होऊन परततात. पक्षी नसतात म्हणून नव्हे, वेळ चुकते म्हणून. पूर्ण ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो आणि पक्षी पार आत पांगतात, नुसते गुलाबी ठिपके दिसतात. पूर्ण भरतीला चिखलच बुडतो आणि पक्षी उडून जातात. पाणी चढत असताना, म्हणजे पूर्ण भरतीच्या तीन तास आधीपासून तासभर आधीपर्यंत, पाणीच त्यांना काठाकडे ढकलत आणतं. जायचं ते याच वेळेत.

वेळ काढायला कोळीवाड्यातला जुना हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला. दशमीला साडेसात. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा निघण्यापूर्वी भरतीचं छापील कोष्टक पाहून घ्या.

आता दुसरी गोष्ट, उजेड. शिवडीचा काठ पूर्वेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य समोरून डोळ्यांत येतो आणि पक्षी नुसते काळे दिसतात. दुपारनंतर ऊन आपल्या पाठीमागून पडतं आणि रंग खुलतो. दोन्ही हिशेब जुळवले की उत्तर एकच उरतं: अष्टमी ते दशमीच्या आसपासचा शनिवार-रविवार, दुपारी साडेतीन ते साडेपाच. शुद्ध पक्ष असो की वद्य.

हार्बरच्या शिवडी स्टेशनवर पूर्वेला उतरा. पुढचा रस्ता गोदामांचा, ट्रकच्या धुळीचा आहे, सावली नाही. आजी-आजोबा असतील तर टॅक्सी धक्क्यापर्यंत न्या आणि परतीसाठी थांबवून ठेवा, तिथे सहज मिळत नाही. स्वच्छतागृहाची सोय स्टेशनलाच उरकून घ्या. ८×४०ची दुर्बीण घरात एक असली तरी पुरे. मुलांना दोन जाती ओळखायला सांगा: मोठ्या रोहितची चोच गुलाबी आणि टोकाला काळी, लहान रोहितची चोच गडद लाल, लांबून काळपटच वाटते. करड्या रंगाचे दिसतात ती पिल्लं. गुलाबी रंग खाण्यातून येतो, शेवाळातल्या रंगद्रव्यातून, त्यामुळे तो अंगावर चढायला काही वर्षं जातात.

खाडीपलीकडे

वरच्या माहितीत भर. अटल सेतू जानेवारी २०२४मध्ये सुरू झाला, त्याचं एक टोक शिवडीलाच आहे, आणि त्याच्या बांधकामाच्या काळापासून शिवडीला पूर्वीइतके थवे दिसत नाहीत. ठाणे खाडीचा वरचा भाग २०१५पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२मध्ये ते रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून तिथे बोट जाते. बोटीला पाणी लागतं, त्यामुळे फेऱ्यांच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात. आधी आरक्षण केल्याशिवाय मुलांना घेऊन जाऊ नका. बोटीत टोपी हनुवटीखाली बांधता येईल अशी हवी, साधी टोपी वाऱ्यावर जातेच. भडक लाल-पांढरे कपडे नकोत.

@भरतीओहोटी, पाऊणपटीचा हिशेब खडकाळ किनाऱ्यालाही लावा. तिथे उलट, पौर्णिमा-अमावास्येच्या पुढचे दोन-तीन दिवस हवेत. तेव्हा उधाण असतं, पाणी खूप चढतं तसंच खूप उतरतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, खडक नीट उघडे पडतच नाहीत. कोष्टकात ओहोटीची उंची अर्ध्या मीटरच्या आत दिसली की कार्टर रोड किंवा हाजी अलीच्या खडकांत समुद्रफुलं, खेकडे, गोगलगायी दिसतात. ओहोटीच्या तासभर आधी उतरा आणि पाणी फिरलं की लगेच वर या. मागच्या बाजूच्या खोलगट जागा आधी भरतात आणि परतीची वाट तुटते. हिरवं शेवाळ सर्वांत निसरडं, त्यावर पाय नको. बुटांना मागे पट्टा हवा, स्लिपर अजिबात नाही. उचललेला दगड होता तसाच परत ठेवायचा, त्याच्या खालच्या अंगाला जीव चिकटलेले असतात. शंकूच्या आकाराचा सुंदर नक्षीचा शंख मुलांना हातात घेऊ देऊ नका. काही जाती विषारी डंख मारतात.

पाऊलवाट

बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद. बाकी दिवशी सकाळी जितक्या लवकर आत शिराल तितकं चांगलं, कारण या दिवसांत पानगळ झालेली असते आणि दहानंतर सावलीच उरत नाही. पण पानगळीमुळेच फुलं दिसतात. काटेसावर आधी, मग पांगारा, मग पळस. पाहायचं ते झाडापेक्षा झाडावर काय चाललंय ते: एका फुललेल्या काटेसावरीखाली वीस मिनिटं बसलं तर मैना, बुलबुल, कोतवाल, पोपट, सूर्यपक्षी एकामागून एक येतात. त्यासाठी वेगळी पायपीट लागत नाही, म्हणून वयस्करांना ही जागा सोयीची. कुसुमाची नवी पालवी लाल असते, लांबून फुलं वाटतात. मुलांना ती ओळखायला सांगा.

कान्हेरी फाटकापासून सहा किलोमीटरच्या आसपास आहे. चालत नेऊ नका, आतली बस घ्या. लेण्यांचं तिकीट उद्यानाच्या तिकिटापेक्षा वेगळं. शंभराहून जास्त लेणी आहेत. सगळी पाहायची म्हणून निघालं की तिसाव्याला मुलं रडकुंडीला येतात. क्रमांक ३चा चैत्य आणि व्हरांड्यातल्या दोन्ही टोकांच्या उंच बुद्धमूर्ती, क्रमांक ११ची लांब ओटे असलेली दरबार लेणी, ४१मधला अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर, एवढं पुरे. वाटेत मुलांना पाण्याची टाकी दाखवा: खडकात खोदलेल्या पन्हळी पावसाचं पाणी उतारावरून टाक्यांत कशी आणत, हे बोटाने वाट काढत दाखवता येतं. मूर्तींपेक्षा तेच त्यांच्या लक्षात राहतं. कातळ अकरानंतर तापतो, तेव्हा साडेदहाला उतरायला लागा. माकडांसमोर पिशवी उघडायची नाही. प्लास्टिकची पिशवी तर हातात दिसायलाच नको, तिचा आवाज त्यांना ओळखीचा आहे.

बंदरावरून

घारापुरीही सोमवारी बंद. गेटवेहून पहिल्या बोटींपैकी एक धरा, साधारण तासाभराचा प्रवास. जेटीवर उतरल्यावर छोटी गाडी आहे, पण खरी चढण पुढे: सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकानं आणि वर ताडपत्री, त्यामुळे ऊन लागत नाही, मात्र हवा कोंडते. गुडघे दुखत असतील तर डोली मिळते, दर खालीच ठरवून घ्या. महाशिवरात्रीला मोठी गर्दी लोटते. लेणं निवांत पाहायचं असेल तर तो दिवस सोडा, आणि यात्राच पाहायची असेल तर तोच धरा. बोटीत जीवरक्षक जॅकेट मुलांच्या मापाचं मागून घ्या. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटतं.

ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं, तो बेटावर नाही. १८६४मध्ये हलवताना तो फुटला. आज तो भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात जोडून उभा आहे. आठवड्याच्या अंतराने दोन्ही ठिकाणी नेलं तर मुलांना गोष्ट पुरी झाल्यासारखं वाटतं.

भायखळा पूर्व

म्हणजे राणीच्या बागेलाच. बुधवारी बंद. स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. रविवारी दुपारी रांग बाहेरपर्यंत येते, सगळे पेंग्विनकडेच धावतात. सकाळी उघडताच पेंग्विन उरकून घ्या, वाघ सावलीला जायच्या आत तिकडे जा, आणि ऊन चढलं की झाडांकडे वळा. झाडांकरता इतकी चांगली जागा शहरात दुसरी नाही, आणि लोक ती न पाहता परत जातात. उर्वशीचे लालसर गुलाबी घोस वसंतातच लोंबतात. कैलासपतीची फुलं थेट खोडातून येतात. गोरखचिंचेच्या बुंध्याला मुलांनी हात धरून विळखा घालून पाहावा. फेब्रुवारीच्या आसपास महापालिकेचं झाडं-फुलांचं प्रदर्शन इथेच भरतं, मोजकेच दिवस असतं. शेवटच्या संध्याकाळी जाऊ नका, फुलं मान टाकतात. कुंडीतल्या झाडांबद्दल विचारायचं असेल तर सकाळी माळी मोकळे असतात, मनापासून सांगतात.

काळा घोडा महोत्सवाबद्दल थोडक्यात: जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला नऊ दिवस, १९९९पासून. शनिवार-रविवारी लहान मुलांना नेऊ नये, कमरेच्या उंचीला फक्त पाय दिसतात. मधल्या वारी दुपारी न्या.

ठाकूरद्वार

गिरगावची पाडव्याची शोभायात्रा. फडके गणपती मंदिरापासून निघते. आठच्या आत जागा धरायला हवी. चर्नी रोड किंवा मरीन लाइन्सला उतरा, आता मेट्रो ३चं गिरगाव स्थानकही आहे. यात्रा सुरू झाली की रस्ता ओलांडता येत नाही, म्हणून आधीच ठरवा कोणत्या बाजूला उभं राहायचं: रस्त्याच्या पूर्वेच्या इमारतींची सावली सकाळी पूर्वेच्याच पदपथावर पडते, तिथे राहा. समोरच्या बाजूला साडेनऊनंतर टिकत नाही. ढोलताशा पथकाच्या अगदी पुढ्यात तान्ही मुलं नकोत, थोड्या मोठ्या मुलांच्या कानांत कापूस घाला. पथकांमध्ये मोठी अंतरं पडतात, मुलं कंटाळतात ती तेव्हा, त्यामुळे खाऊ त्या वेळेसाठी राखून ठेवा. नऊवारी नेसून येणार असाल तर पदर-निऱ्यांना पिना आणि पायांत सवयीच्या चपला, नव्या नकोत. प्रत्येक मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी.

गिरगावची गर्दी झेपणार नसेल तर डोंबिवली. नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली तीच तिथे, १९९९मध्ये. ठाण्याला कौपिनेश्वराची निघते.

शिदोरी

खाण्यावर कुणी लिहिलं नाही, म्हणून. या हवेत डबा चार तासांत बिघडतो, आणि बिघडतो तो ओल्या नारळामुळे, चिरलेल्या काकडी-टोमॅटोमुळे आणि गरम असताना झाकण लावल्यामुळे. तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, दशम्या टिकतात. पीठ दुधात भिजवलं की दशमी दिवसभर मऊ राहते. सोबत सुकी लसणाची चटणी आणि लोणच्याचा खार नव्हे, नुसती फोड.

दहीभात न्यायचा तर दही घालून नेऊ नका, दुपारपर्यंत आंबट होतो. वाटीभर तांदळाचा मऊ भात पूर्ण गार करा, त्यात दोन वाट्या तापवून गार केलेलं दूध, दोन चमचे दही आणि मीठ. चार तासांत डब्यातच विरजतो आणि जेवायच्या वेळी नेमका लागतो. फोडणी गार करून घालावी, दाण्यांना वेगळी पुडी.

पन्ह्याचा गर घरून न्या, पाणी तिथे घाला. अर्धा किलो कैऱ्या उकडून गर काढा, जेवढ्या वाट्या गर तेवढ्याच गूळ, कैरी फार आंबट असेल तर दीडपट. अर्धा चमचा मीठ, वेलची, चार काड्या केशर. गूळ गरात विरघळून एक उकळी येऊ द्या, न उकळलेला गर बाटलीत फसफसतो. एक भाग गर, चार भाग पाणी. स्टीलची बाटली नको, काचेची किंवा चांगल्या प्लास्टिकची घ्या.

बोरीबंदर

रविवारचा मेगाब्लॉक. मध्य आणि हार्बरवर साधारण अकरा ते चार. पश्चिमेवर ब्लॉक असलाच तर साडेदहापासून. शनिवारच्या पेपरात मार्ग येतो, तो शब्दन् शब्द वाचा. हार्बरवर ब्लॉक वाशी-पनवेलकडे असेल तर शिवडीला अडचण नाही. सीएसएमटी-चुनाभट्टीकडे असेल तर शिवडीला गाडी मिळणार नाही, दादरला उतरून टॅक्सी करा. जलद मार्गावर ब्लॉक असला की जलद गाड्या धीम्या मार्गावरून येतात, भायखळ्याला त्या थांबतात, गर्दी मात्र दुप्पट.

धुळवडीला दुपारी दोनच्या आधी लोकलच्या दारा-खिडकीशी मुलांना बसवू नका, बाहेरून फुगे येतात.

पाऊलवाट

एक राहिलं. कुठेच जायला जमलं नाही तर घाटकोपर ते विक्रोळी पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेला गुलाबी टॅबेबुया पाहा. बहर दोन-तीन आठवड्यांचाच असतो. रविवारी सकाळी सातला, सेवा रस्त्यावरून. मुख्य मार्गावर गाडी थांबवू नका. तो संपला की एप्रिलपासून बहावा आणि ताम्हण सुरू होतात, त्यांच्या जागा कुणाला माहीत असतील तर खाली लिहा, गल्लीच्या नावासकट.