प्रति: इंदूर संभाग = होळकर संस्थान?

वर म्हटलंय की इंदूर संभाग (मध्य प्रदेशातला प्रशासकीय विभाग) म्हणजे जुनं होळकर संस्थानच. अर्धंच खरं. आजच्या 8 जिल्ह्यांपैकी खरगोन होळकरांचं, पण धार पवारांचं. बडवानी, झाबुआ, अलीराजपूरचे राजे वेगळे. खंडवा-बुऱ्हाणपूर तर थेट इंग्रजी अमलात, मध्यप्रांतात. या दोन जिल्ह्यांची राजधानी 1956 पर्यंत नागपूर! उलट होळकरांचं महिदपूर आणि रामपुरा-भानपुरा आज उज्जैन संभागात.

मधली 1948 ते 56 ची मध्य भारत राज्याची वर्षं विसरू नका. हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर, म्हणजे दप्तरांचीच वारी. पुढे नव्या मध्य प्रदेशची राजधानी होऊन भोपाळनं दोघांच्याही तोंडाला पानं पुसली. हायकोर्टाची खंडपीठं दोन्हीकडे, राजस्व (महसूल) मंडळ ग्वाल्हेरला, लोकसेवा आयोग आमच्या इंदुरात. (ही वाटणी जुन्या इंदूरकरांना अजून पटलेली नाही, ते सोडा.)