आधी कान तपासून घ्या
आजी-आजोबा नातवंडांचं ऐकूनच घेत नाहीत, मध्येच विषय बदलतात, अशी काहींची तक्रार असते. स्वभावाला दोष देण्याआधी त्यांचे कान तपासून घ्या, ही कळकळीची विनंती. वय वाढतं तसे बहुधा आधी उच्च पट्टीतले ध्वनी ऐकू येईनासे होतात; स, श, फ यांसारखी व्यंजनं निसटतात. आवाज पोहोचतो, शब्द कळत नाहीत. सारखं 'काय म्हणालास?' विचारायचा संकोच वाटतो, मग माणूस अंदाजाने उत्तर देतो किंवा गप्पच बसतो. ओरडून उपयोग होत नाही. टीव्ही बंद करा, समोर बसून सावकाश बोला. आणि नातवंडांनो, 'जाऊ दे, काही नाही' एवढं म्हणू नका, फार लागतं ते. तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगा.