मदत हवी आहे: वाचनाचा तास सुरू करायचाय, पण शाळेतल्या ज्येष्ठ बाई तयार नाहीत

नमस्कार मंडळी,

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी गेल्या जूनमध्ये मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाले. पहिली ते चौथी, माझ्यासकट तीन शिक्षक.

तिसरी-चौथीतली काही मुलं अजून जोडाक्षरापाशी अडतात आणि दुसरीतल्या काही मुली मात्र गोष्ट घडाघडा वाचतात. म्हणून रोज सकाळचा एक तास इयत्ता बाजूला ठेवून, ज्याला आज जेवढं वाचता येतं त्याप्रमाणे गट करावेत असं माझ्या मनात आहे. अक्षरं ओळखणारे एकत्र, शब्द वाचणारे एकत्र, परिच्छेद वाचणारे एकत्र. 'प्रथम' संस्थेने ही पद्धत देशात अनेक ठिकाणी वापरली आहे. लहान मुलांना वाचता-मोजता यावं यासाठीच्या केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' मोहिमेचं उद्दिष्ट २०२६-२७ चं आहे, पण माझी घाई त्यासाठी नाही. चौथीनंतर ही मुलं दुसऱ्या शाळेत जातील आणि तिथे त्यांना पुन्हा अक्षरांपासून शिकवायला कुणाला सवड असणार?

तरुण शिक्षिका तयार आहे. ज्येष्ठ बाई नाहीत. गावातल्या दोन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्यात, पालक कुठलीही गोष्ट आधी त्यांना विचारतात. त्या म्हणतात, "पोर्शन राहिला तर भागशिक्षणाधिकाऱ्यांना उत्तर कोण देणार? २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला, नोंदी वाढल्या. कुणाला नापास करायचं नाही म्हणाले, २०१९ मध्ये तेही बदललं. मग २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण. दरवेळी नवी वही आली, जुनी एकही गेली नाही." यात खोटं काय आहे?

खरा पेच मात्र वेगळाच आहे. वाचनाआधी चित्र पाहून मुलांना कोकणीत बोलू द्यावं असं मी सुचवलं, कारण घरी ती कोकणीच बोलतात. बाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "पट घटून आजूबाजूच्या शाळा बंद पडताहेत. मराठी शाळेत मराठीच ऐकू आली नाही, तर पालक उद्या पोरांना इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवतील." हा हट्ट नाही. ज्या शाळेसाठी आयुष्य घातलं ती जाईल, ही भीती आहे.

मी आदेश काढू शकते. पण आदेशाने वही भरली जाईल, शिकवणं तसंच राहील. मला बाई मनापासून सोबत हव्यात. सुरुवात कुठून करू? आणि कोकणीचा मुद्दा आता सोडून देऊ का?

प्रतिसाद (निवृत्त मुख्याध्यापक, फोंडा)

ताई, बैठकीत पटवत बसू नका. चारचौघांत एकदा "नाही" म्हटलं की ज्येष्ठ माणसाला मागे येणं जड जातं. थॉमस गस्की या अमेरिकी अभ्यासकाने १९८६ मध्ये मांडलं होतं की शिक्षकाचं मत प्रशिक्षणाने फारसं बदलत नाही. आपल्याच वर्गातली मुलं पुढे सरकताना दिसली की बदलतं. माझा अनुभवही तोच.

चौथीतल्या मुलांचं वाचन बाईंनाच एकेकट्याने ऐकायला सांगा. तुम्ही शेजारी बसू नका, गुण मागू नका. वर्गात सगळ्यांबरोबर तालात म्हणणारं पोर एकटं वाचताना कुठे थांबतं, ते त्यांना तुमच्यापेक्षा लवकर कळेल. मग अक्षरांचा गट त्यांच्याकडे द्या. हे सगळ्यांत कठीण काम आहे आणि ते अनुभवी हातालाच जमतं, हे त्यांना स्पष्ट सांगा.

मुख्य म्हणजे त्यांच्या डोक्यावरचं ओझं कमी करा. तुम्हीच ठेवलेली एखादी अंतर्गत वही बंद करता आली तर आधी ती करा. पोर्शनची जबाबदारी मुख्याध्यापिका म्हणून माझी, हे त्यांच्या टाचणवहीत (रोजच्या पाठांच्या नियोजनाच्या वहीत) लिहून सही करा. गटांचा निकाल फळ्यावर लावू नका, शिक्षकांची तुलना सुरू होते.

प्रतिसाद (शिक्षिका, पेडणे)

कोकणीचं सोडू नका, पण क्रम ठरवून घ्या. आमच्याकडे मूल चित्राबद्दल कोकणीत सांगतं, बाई तेच मराठीत फळ्यावर लिहितात आणि मूल ते मराठीत वाचतं. तासाच्या शेवटी तोंडात मराठीच असते. पालकांना शाळेत बोलावून मुलांकडून वाचून घ्या. आपलं पोर मराठी वाचतंय हे ऐकल्यावर घरी कोकणी बोलणाऱ्या आईची शंका उरत नाही, निदान आमच्या गावात उरली नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. एकेकट्याने वाचन ऐकण्याचं उद्याच बाईंना विचारते, आणि मी सुरू केलेली परिपाठाची वेगळी नोंदवही बंद करते. अजून एक विचारायचंय. चौथीतल्या मोठ्या मुलांना अक्षरांच्या गटात लहानांबरोबर बसायला लाज वाटेल, त्यांच्यासाठी काय करता? त्यांच्या वयाला साजेसा, पण सोप्या शब्दांतला मजकूर कुणी तयार केला असेल तर कृपया इथे द्या.