सानियाचा कोणता आकडा तुमच्याकडे आहे?

परवा माळा आवरताना माझी जुनी वही सापडली. त्यात ऑगस्ट २००७ चं कात्रण: सानिया मिर्झा, एकेरीत जगात २७वी. बाबांनी आकड्याभोवती पेनानं गोल केलाय. पुढे ती दुहेरीकडे वळली आणि बाबांचा रस संपला. ‘अर्ध्या कोर्टाचा खेळ’ म्हणायचे. मग तिनं दुहेरीचे ४३ डब्ल्यूटीए (महिला टेनिस संघटना) किताब जिंकले, ६ ग्रँड स्लॅम मिळवले. वहीची पुढची पानं मात्र कोरीच. नागपूरकरांनो, तुमच्या लक्षात कोणता आकडा राहिला? गोष्टीसकट सांगा.

रामनगरची: ६-४, ५-७, ६-३. १२ फेब्रुवारी २००५, हैदराबाद, समोर अलोना बोंडारेंको. डब्ल्यूटीएचा एकेरी किताब जिंकणारी पहिली भारतीय बाई! मी नववीत होते. दुसरा सेट गेला तशी आईनं परीक्षेच्या नावाखाली टीव्ही बंद केला. तिसरा सेट मी शेजारच्या काकूंकडे मटार सोलत पाहिला. पुढच्या पगाराला बाबांनी बर्डीच्या बाजारातून रॅकेट आणून दिली. मे महिन्यात पहाटे साडेपाचला कोर्टवर हजर, कारण आठनंतर बुटातूनही तळवे भाजायचे. फोरहँड सानियासारखा मारायचा, एवढंच ठरलेलं. बॅकहँडचं विचारू नका.

मनगटवाली: २००८. त्या वर्षी तिच्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली, माझ्याही. तिचं टेनिसनं, माझं दिवसभराच्या टायपिंगनं. फेब्रुवारी २००९ मध्ये तिनं महेश भूपतीबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची मिश्र दुहेरी जिंकली. मला तेव्हा कणीकसुद्धा मळता येत नव्हती.

तर्रीवाला: २-५. विम्बल्डन २०१५, महिला दुहेरीचा अंतिम सामना, तिसरा सेट. समोर माकारोवा-वेस्निना, इकडे सानिया आणि तिची स्विस जोडीदार मार्टिना हिंगिस. आमच्या गल्लीत लाइट गेलेली, मी मोबाइलवर स्कोअर पाहून राहिलो होतो. भाऊ म्हणाला, ‘झोप बे, गेली मॅच.’ ५-५ झाले आणि तिकडे अंधार पडला म्हणून छप्पर बंद करायला खेळ थांबवला. मध्यरात्र उलटलेली, चार्जिंग ९ टक्के. शेवटी ७-५ जिंकल्या! मी ओरडलो तर खालच्या मजल्यावरचे काका काठी घेऊन आले, चोर शिरला समजून.

इतवारीकर: राजेहो, रागावू नका, पण ते सगळं हिंगिसमुळेच ना? एकेरीत २७च्या वर काऊन नाही गेली?

रामनगरची: भाऊ, मिश्र दुहेरीची ३ ग्रँड स्लॅम हिंगिसशिवायच आहेत, दोन भूपतीबरोबर, एक ब्रुनो सोआरेसबरोबर. आणि ऑगस्ट २०१६ बघा. हिंगिसबरोबरची जोडी फुटली, लगेच सिनसिनाटी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सानिया-स्ट्रायकोवानं हिंगिस-वँडेवेगेला सरळ दोन सेटमध्ये हरवलं. दुहेरीत अव्वल क्रमांक सानियाकडे एकटीकडे राहिला. एकूण ९१ आठवडे ती नंबर एक होती.

इतवारीकर: बरं बाप्पा, मानलं. पण एकेरीचं मनात राहिलंच.

दोन पोरांची आई: माझा आकडा सव्वा वर्षाचा. मुलगा ऑक्टोबर २०१८ मध्ये झाला आणि जानेवारी २०२० मध्ये परतल्यावर पहिल्याच स्पर्धेत, होबार्टला, नादिया किचेनोकबरोबर किताब. माझं धाकटं दीड वर्षाचं झालं तेव्हा मी ऑफिसात परतले. पहिल्या दिवशी संगणकाचा पासवर्डच आठवेना.

धागाकर्ती: बाबांना सिनसिनाटीचं वाचून दाखवलं. ‘हे कधी झालं?’ २०१६ मध्ये. ‘मग मला कसं माहीत नाही?’ म्हटलं, बातम्या लागल्या की तुम्ही चॅनल बदलत होता, बाबा. आता पेन शोधताहेत.